स्ग्राफितो: मातीच्या ताटलीवर सोलापुरी चादर

तळ्याकाठची

सहा ताटल्या गेल्या, सातवी नीट निघाली. त्या सहा का गेल्या ते अजून डोक्यात ताजं आहे, तोवर लिहून ठेवते.

आमच्या घरी एक जुनी चादर आहे. गडद तांबडी आणि पांढरी, मधे मोठी चौकट, काठाला पायऱ्यापायऱ्यांची नक्षी. वडील सोलापूरच्या पूर्व भागात मागावर होते, त्यांच्या हातची. ती उलटी अंथरली की तांबड्याचं पांढरं होतं आणि पांढऱ्याचं तांबडं. आईच्या पंचाहत्तरीला मला तीच नक्षी मातीत करून द्यायची होती. ब्रशने रंगवून मन भरेना. चादरीत नक्षी धाग्यातूनच आलेली असते, तशी ती ताटलीत मातीतूनच यावी असं वाटत होतं.

त्यासाठी स्ग्राफितो ही पद्धत मिळाली. इटालियन शब्द आहे, अर्थ खरवडलेलं. तांबड्या मातीची ताटली अर्धवट वाळली की तिच्यावर पांढऱ्या मातीचा पातळ लेप द्यायचा. लेपाची चकाकी गेली की हत्याराने तो खरवडायचा. खरवडलं तिथे खालची तांबडी माती दिसते, राहिलं तिथे पांढरं. रंग दोनच आणि दोन्ही मातीचेच.

ताटलीचं आधी सांगते. तांबडी तयार माती घेतली, नीट मळली, दोन पट्ट्यांच्या मधे ठेवून लाटण्याने ८ मिलिमीटर जाडीची पोळी लाटली. लाटून झाल्यावर लवचिक पट्टीने दोन्ही बाजूंनी दाबून घासणं फार गरजेचं आहे. माझ्या पहिल्या दोन ताटल्यांना मधोमध तडे गेले, ते हे केलं नव्हतं म्हणून. दाबल्याने मातीचे कण एकमेकांना धरून बसतात. मग पोळी उथळ पसरट वाडग्यात कापड घालून बसवली. ओली असताना व्यास २६ सेंटिमीटर होता, भट्टीतून निघाल्यावर साडेतेवीस भरला. आक्रसण्याचा हा हिशेब नक्षी काढण्याआधीच धरा, नाहीतर काठाची पायरी फार बारीक होते.

लेपासाठी बॉल क्ले (बारीक, चिकट माती) ४० भाग, चायना क्ले (पांढरी माती) २५, क्वार्ट्झ (गारगोटीची पूड) १५ आणि शिसं नसलेलं फ्रिट (दळलेली काच, भाजताना लेप घट्ट करते) २०. पाण्यात रात्रभर भिजवायचं, ढवळायचं आणि ८० नंबरच्या जाळीतून दोनदा गाळायचं. दाटपणा बासुंदीसारखा हवा. रुंद मऊ ब्रशने तीन हात दिले, पहिला आडवा, दुसरा उभा, तिसरा पुन्हा आडवा. एका हाताची ओल दिसेनाशी झाली की मगच दुसरा.

आता वेळ. सगळं इथेच बिघडतं आणि इथेच जमतं. लेप ओला असताना खरवडलं तर रेघेच्या दोन्ही बाजूंना चिखल चढतो आणि कड फाटते. उशीर झाला तर लेपाच्या खपल्या उडतात आणि धूळ होते. मधे एक टप्पा असतो. माती चामड्यासारखी होते, बोट दाबलं तर ठसा उठत नाही पण नख रुततं, आणि हत्याराखालून लोण्यासारखी वळी निघते. पुण्यात शिकले तेव्हा हा टप्पा दिवसभर पुरायचा. सोलापुरात एप्रिलमध्ये पारा ४२ वर आणि हवा कोरडी, तेव्हा माझ्या गच्चीवरच्या खोलीत तो जेमतेम पाऊण तास मिळाला. तीन ताटल्या त्यात गेल्या.

मग वेळच बदलली. संध्याकाळी लेप द्यायचा, ताटली झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवायची, तळाशी ओलं स्पंज. पहाटे साडेचारला उठून खरवडायला बसायचं. जेवढा भाग चालू आहे तेवढाच उघडा, बाकीच्यावर ओलसर मलमल. सातपर्यंत काम होतं. फॅन बंद.

हत्यारांवर पैसे घालू नका. दुकानातलं तारेच्या फासाचं एक हत्यार घेतलं, तेवढंच. बारीक रेघेला विणायची सुई. आणि सगळ्यात सुरेख चालली ती मागाच्या जुन्या फणीतली पोलादी पट्टी. पातळ, सरळ, ताठ. लाकडाच्या मुठीत बसवली की पायरीचा काटकोन एका झटक्यात निघतो.

काही चुकलं असेल तर दुरुस्त करा.

होटगीरोडवाला

ताई, सुंदर. दोन शंका. सहाव्या ताटलीचं काय झालं? आणि भट्टी कुठली?

तळ्याकाठची

दादा, सहावी वाकली. काठ आधी वाळला, मध्य मागाहून, त्यामुळे काठ वर उचलला गेला. सातवी जाळीवर पालथी ठेवून वाळवली, काठावर वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळली आणि वाळायला नऊ दिवस दिले.

भट्टी लहान विजेची. पहिली भाजणी ९८० अंश. ९० अंशांवर दोन तास थांबवली, म्हणजे उरलेलं पाणी वाफ होऊन माती फोडत नाही. पुढे ६०० पर्यंत तासाला ८० अंशांपेक्षा जास्त चढू दिलं नाही. नंतर पारदर्शक ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा थर, पातळ लावून १०६० ला दुसरी भाजणी. ग्लेझ लागल्यावर तांबडा रंग एकदम गडद झाला, चादरीचा होता तसाच.

आव्याची_राख

आमच्या घरात चार पिढ्या चाक फिरतंय. मी स्वतः नोकरी करतो, पण माती ओळखतो. ताई, तुम्ही तयार माती घेतली ते बरं केलं, कारण हे वाचून कोणीतरी शेतातली काळी माती उचलून आणणार. सोलापूरची काळी माती कापसाला आणि ज्वारीला सोनं आहे, भांड्याला एकटी चालत नाही. पाणी पिऊन फुगते, वाळताना आक्रसते. उन्हाळ्यात रानाला हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात, त्याच भेगा ताटलीला पडतील.

आजोबा तळ्याचा गाळ आणायचे, त्यात लीद आणि राख घालून आठ-आठ दिवस चिखल कुजत ठेवायचे. लीद जळून गेली की बारीक भोकं राहतात, म्हणून माठ पाझरतो आणि पाणी गार होतं. माठाला ते हवं असतं, ताटलीला नको.

दुसरं म्हणजे चुनखडी. आपल्या मातीत पांढरे खडे असतात. भाजताना त्यांचा कळीचा चुना होतो. भांडं अखंड निघतं, खुशीत घरात ठेवता, आणि चार दिवसांनी हवेतली ओल खाऊन तो खडा फुगतो, वरची खपली उडते आणि खळग्यात पांढरा ठिपका दिसतो. आजी अशा माठाला ‘देवी आलेला’ म्हणायची. स्थानिक माती वापरायचीच असेल तर पातळ कालवून बारीक जाळीतून गाळा, खडा राहता कामा नये.

खरवडनक्षीला आमच्यात वेगळं नाव नव्हतं. पण रांजणाच्या गळ्याला गेरूचा हात देऊन, ओला असतानाच फणीने लाटा ओढायचे, ते मी पाहिलं आहे.

रसायनाचा_मास्तर

वरचं चुनखडीचं निदान अगदी बरोबर. थोडं भर घालतो. कॅल्शियम कार्बोनेट ८५० अंशांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि कॅल्शियम ऑक्साइड उरतं. ते पाणी घेतं, तेव्हा त्याचं आकारमान वाढतं. भांडं भट्टीतून निघाल्या निघाल्या पाण्यात बुडवून ठेवलं तर चुना तिथेच विरतो आणि पुढे खपली उडायची शक्यता कमी होते. विटांसाठीही हे करतात.

तळ्याकाठची, तुम्ही चढताना जपलंत तसं उतरतानाही जपा. ५७३ अंशांवर क्वार्ट्झच्या स्फटिकाची रचना बदलते. चढताना तो एकदम फुगतो, उतरताना एकदम आक्रसतो. ताटली पसरट असते, कड आधी थंड होते आणि मधला भाग गरम राहतो. त्या वेळी भट्टीचं दार उघडलं तर टण्ण आवाज येतो आणि ताटलीचे दोन तुकडे. १०० च्या खाली येईपर्यंत झाकणाला हात लावू नका.

नवी_शिकाऊ

मी बुधवार पेठेत राहते, तीन महिने झाले शिकायला लागून. माझी ताटली पहिल्या भाजणीतून निघाली आणि लेप साबुदाण्याच्या पापडासारखा सुटून आला. खूप वाईट वाटलं. त्यावर गड्ड्याच्या जत्रेतला पाळणा काढला होता, दोन रात्री जागून. काय चुकलं असेल? माती तांबडी, लेप नुसत्या चायना क्लेचा, आणि ताटली पूर्ण वाळल्यावर दिला होता.

तळ्याकाठची

अगं, दोन रात्रींचं काम असं गेलं की काय वाटतं ते मला ठाऊक आहे. पण तुझ्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. ताटली वाळून आक्रसून बसली होती. तिच्यावर ओला लेप आला, तो एकटाच आक्रसायला निघाला आणि खालची माती त्याच्याबरोबर हलेना. दोघांनी जोडीने आक्रसायला हवं, म्हणून लेप द्यायच्या वेळी ताटली चामड्याच्या टप्प्यात हवी.

दुसरं, नुसती चायना क्ले मऊ असते, चिकटत नाही आणि एवढ्या तापमानाला घट्ट भाजलीही जात नाही. तिच्यात बॉल क्ले आणि फ्रिट घालावंच लागतं. सगळ्यात निर्धोक वाट म्हणजे ताटली ज्या मातीची तिचाच लेप करायचा, त्यात रंग घालायचा. ताटली पांढऱ्या मातीची असेल तर तिच्याच १०० ग्रॅम कोरड्या भुकटीत ८ ते १० ग्रॅम काळा सिरॅमिक स्टेन (मातीकामाचा तयार रंग) घातला की झाला काळा लेप. दोन्ही एकाच मातीचे, सोबत आक्रसतात.

पाळणा पुन्हा काढ. पण आधी बिस्किटाएवढ्या चार चकत्या कर, प्रत्येकीवर वेगळ्या वेळी लेप दे आणि मागे वेळ कोरून ठेव.

कोथरूडहून

मी पुण्यात स्टोनवेअरमध्ये (जास्त तापमानाला भाजायच्या मातीत) हेच करते, १२२० अंशांपर्यंत. माझं एका बाबतीत वेगळं मत आहे. लेपाची चकाकी गेल्या गेल्या मी खरवडत नाही, अजून थोडं थांबते. वळी निघण्याऐवजी बारीक चुरा पडायला लागतो तिथे माझी रेघ सगळ्यात स्वच्छ येते. रेघेच्या कडेला जे बारीक काटे उभे राहतात, ते त्याच वेळी बोटाने पुसायला जाऊ नका, ते लेपात दाबले जातात आणि पांढऱ्यावर तांबडी घाण दिसते. पूर्ण वाळू द्या, मग मऊ ब्रशने हलके झाडा.

झाडताना तोंडाला मास्क लावाच. मातीच्या धुळीत बारीक सिलिका असते, ती फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही, वर्षानुवर्षं साचून सिलिकोसिस होतो. फुंकर मारू नका. खाली ओलं फडकं पसरा आणि जमीन ओल्या पोछ्यानेच पुसा, केरसुणीने झाडू नका. काळ्या लेपासाठी मँगनीज डायऑक्साइड वापरणार असाल तर त्याची भुकटी आणि भट्टीतला धूर दोन्ही वाईट. भट्टी राहत्या घरात नको.

तळ्याकाठची

पटलं. चुऱ्याच्या टप्प्यावर माझ्या इथे हात चालेपर्यंत लेप उडायला लागतो, पण पावसाळ्यात करून बघेन. मास्कचं मी लिहायला हवं होतं.

जुन्या_खापरांचा

स्ग्राफितोला इटालियन नाव असलं तरी काम फार जुनं आणि फार ठिकाणचं आहे. चीनमध्ये सोंग राजवटीत त्सिजौच्या भट्ट्यांमध्ये पांढऱ्या-काळ्या लेपात फुलं खरवडत. बायझंटाइन कुंभार तांबड्या मातीवर पांढरा लेप देऊन पक्षी आणि ससे काढत, अगदी तुमच्या ताटलीचीच जोडी. इराणात निशापूरला हेच. इटलीत बोलोन्या आणि फेरारा या गावांची अशी भांडी प्रसिद्ध होती. आणि तिथे हीच युक्ती घरांच्या दर्शनी भिंतींवरही चालली. खाली काळपट गिलावा, वर चुन्याचा पांढरा हात, तो ओला असतानाच खरवडायचा. व्हासारी या इटालियन चित्रकार-लेखकाने १५५० च्या आपल्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वस्त्यांनी लग्नाला, वाढदिवसाला द्यायच्या ताटल्या याच पद्धतीने केल्या, काठावर मजकूर खरवडून. तुमची आईसाठीची ताटली त्या ओळीत बसते.

आपल्या जवळच बघायचं असेल तर तेरला जा. सातवाहन काळात त्याचं नाव तगर होतं. तिथल्या वस्तुसंग्रहालयात मातीच्या आणि पांढऱ्या केओलिनच्या (म्हणजे चायना क्लेच्या) मूर्ती आहेत. त्या साच्याच्या आहेत, खरवडकामाच्या नाहीत, पण केसांची आणि दागिन्यांची रेघ ओल्या मातीत किती बारीक धरता येते ते तिथे कळतं. आणि ते गोरोबाकाकांचं गाव. थापटण्याने डोकी वाजवून कोण कच्चं, कोण पक्कं हे सांगणारा कुंभार आपल्याच भागातला.

आव्याची_राख

गोरोबाकाकांचं नाव निघालं म्हणून सांगतो. आम्ही अजून तसंच वाजवतो. ताटली तीन बोटांवर तोलून धरायची आणि नखाने टिचकी द्यायची. घंटेसारखा आवाज लांबला तर पक्की. बद्द वाजली तर कच्ची किंवा डोळ्यांना न दिसणारा तडा. ग्लेझ लावायच्या आधी वाजवून घ्या, मग तडकलेल्या ताटलीवर ग्लेझ वाया जात नाही.

आणि सिद्धरामेश्वरांच्या अक्षता सोहळ्याच्या गावात मातीकाम चाललंय याचा मला मनापासून आनंद आहे. कुंभाराच्या लेकीने त्यांच्याशी लग्न करायचा हट्ट धरला आणि त्यांनी आपला योगदंड पुढे केला, त्या लग्नाच्या अक्षता आपण संमती कट्ट्यावर दर वर्षी टाकतो. आमच्या घरात ती गोष्ट चाकापाशीच सांगितली जायची.

सात_रस्ता

या ताटलीत जेवता येईल का? की फक्त भिंतीवर?

रसायनाचा_मास्तर

ग्लेझवर अवलंबून. शिशाचं ग्लेझ चकचकीत आणि स्वस्त, पण आपलं जेवण आंबट. चिंच, लिंबू, ताक हे सगळं शिसं ओढून घेतं. शिसं नसलेलं ग्लेझ पाकिटावरच्या तापमानाला पूर्ण भाजलं आणि त्यात बारीक भेगांची जाळी पडली नाही तरच जेवणाला घ्या. लिंबाची फोड रात्रभर ठेवून बघा, सकाळी तिथे डाग किंवा चमक उतरलेली दिसली तर ती ताटली भिंतीला. डाग न पडणं म्हणजे मात्र पास नव्हे, खात्री प्रयोगशाळेच्या तपासणीनेच होते.

नान्नजकडचा

विजेची भट्टी नाही. कुंभाराच्या आव्यात (उघड्या भट्टीत) भाजली तर?

आव्याची_राख

भाजा. उघड्या आव्यात ७०० ते ९०० अंश मिळतात, ग्लेझ वितळणार नाही. खरवडायच्या आधी लेप गुळगुळीत गोट्याने घोटा, मंद चमक येते. शोभेची ठेवा, जेवायला नको. आणि आव्यात ताटल्या उभ्या लावा, आडव्या रचल्या तर खालच्या फुटतात.

पुठ्ठ्यांवर_नक्षी

मी पंचवीस वर्षं जॅकार्डच्या चादरींची डिझाइनं काढली, आता निवृत्त. हा धागा वाचून राहवलं नाही. जॅकार्ड मागावर नक्षी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून विणली जाते, तिथे प्रश्न एकच असतो, पुठ्ठ्याला भोक आहे की नाही. भोक असेल तर धागा उचलतो, नसेल तर खाली राहतो. आलेखाच्या कागदावर आम्ही एकेक चौकोन भरून तेच ठरवायचो. तुमच्या कामातही तेच, खरवडायचं की ठेवायचं. मधलं काही नाही.

तळ्याकाठची, चौकोनी चादर गोल ताटलीवर कशी बसवलीत? पायऱ्यांची नक्षी काठाला वळवली की बाहेरची पायरी रुंद होते, आतली अरुंद. हे मला बघायचं आहे.

तळ्याकाठची

काका, तुमचा प्रश्न हाच माझा महिनाभराचा प्रश्न होता.

आधी मी काठावर पायऱ्या वळवल्या, त्या दातांसारख्या दिसल्या. मग मोजून घेतलं. काठाचा परीघ ८० सेंटिमीटर, त्याचे ४० भाग, प्रत्येक २ सेंटिमीटरचा. मध्यापासून चाळीस रेघा पेन्सिलीने हलक्या आखल्या. पेन्सिल भट्टीत जळून जाते, डाग राहत नाही. पायरीच्या उभ्या कडा या रेघांवर, आडव्या कडा ताटली फिरकीवर फिरवून काढलेल्या वर्तुळांवर. त्यामुळे पायरी बाहेर रुंद झाली तरी सगळ्या सारख्याच रुंद झाल्या, आणि डोळा तिला चूक मानत नाही. मधली चौकट चौकोनीच ठेवली. चौकट आणि काठ यांच्या मधे जी चार पाकळ्यांसारखी जागा उरली ती पूर्ण पांढरी सोडली, तिथे हात लावला नाही.

आणि उलटी बाजू! ताटलीच्या पाठीला नक्षी उलट्या रंगात घातली आहे. पुढे जे ठेवलं ते मागे खरवडलं. पुढचं खरवडून झालं, तसंच पालथं करून मागे लेप दिला. पाठीला खरवडकाम जास्त निघालं, कारण तिथे तांबडं जास्त. भट्टीत ग्लेझ केलेली ताटली फळीवर टेकवता येत नाही, चिकटते, म्हणून पाठीला बुडाच्या कड्याच्या आत, तीन पायांच्या आधाराने ठेवली. त्या तीन टोकांच्या बारीक खुणा आहेत, हाताला लागतात, खरकागदाने घासून घेतल्या.

आईने आधी पुढची बाजू पाहिली. मग न सांगता पालथी केली.

पुठ्ठ्यांवर_नक्षी

चाळीस भागांचा हिशेब बरोबर बसला आहे. चादरीत आम्ही कोपरा वेगळा काढायचो, कारण दोन काठ तिथे भेटतात. गोलात कोपराच नाही, म्हणून तुमची नक्षी कुठेही न तुटता पूर्ण फिरते. मला चादरीत हे कधी करता आलं नाही. पाठीचा फोटो टाका, मला मागची बाजू जास्त बघायची आहे.

नवी_शिकाऊ

चकत्या भाजून आल्या. चारपैकी लेप सकाळी सहाला दिला ती आणि आठला दिला ती, दोन्हीला लेप घट्ट. अकराची कडेला सुटली, दुपारी दोनची पूर्ण सुटली. टिचकी मारून पाहिली, पहिल्या दोन छान वाजतात. लेपात आता बॉल क्ले आणि फ्रिट घातलं आहे. पाळण्याची ताटली लाटून डब्यात ठेवली आहे, उद्या पहाटे सहाला लेप.

तळ्याकाठची

स्पंज ओलं केलंस ना? रात्री एकदा झाकण उघडून नख टेकवून बघ.